क्लाउडवर आपण नेमकं काय भाड्याने घेतो?

फोन हरवला तरी त्यातले फोटो नव्या फोनवर परत दिसतात. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका कुठूनही उघडता येते. ही माहिती ठेवलेली असते डेटा सेंटर नावाच्या इमारतींमध्ये. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशा इमारती उभ्या आहेत. आत रॅकमध्ये ओळीने लावलेले सर्व्हर, ते थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्याचाही या भागाला फायदा होतो. असे संगणक इंटरनेटवरून, हवे तेवढे आणि हवा तितका वेळ भाड्याने वापरणं म्हणजे क्लाउड कॉम्प्युटिंग.

भाड्याने घ्यायची गरज का पडते, ते दहावी-बारावीच्या निकालावरून कळतं. निकाल लागला की लाखो मुलं एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. आठवड्याभराने तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. त्या गर्दीपुरते सर्व्हर विकत घेतले तर ते वर्षभर पडून राहणार, कमी घेतले तर ऐन वेळी संकेतस्थळ बंद पडणार. ॲमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि या पेचातून वाट निघाली. २०१७ पासून त्यांचे बरेचसे संगणक सेकंदाच्या हिशेबाने मिळतात.

मागितल्याबरोबर नवा संगणक मिळतो, कारण तो प्रत्यक्षात आधीच चालू असलेल्या मोठ्या सर्व्हरचा एक वाटा असतो. विशेष सॉफ्टवेअर एका सर्व्हरची ताकद अनेक आभासी संगणकांत वाटून देतं आणि प्रत्येक ग्राहकाला आपला संगणक स्वतंत्रच वाटतो. मोठ्या मेनफ्रेम संगणकांसाठी आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० ही अशी प्रणाली आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या संगणकांपर्यंत पोहोचवलं. आजच्या क्लाउडचा पाया तोच.

आता भाड्याचे तीन प्रकार. त्यासाठी लग्नाचं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. पहिल्या प्रकारात फक्त सभागृह, वीज आणि पाणी मिळतं. आचारी, भांडी, शिधा सगळं आपलं. क्लाउडमध्ये याला ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ सेवा म्हणतात : कोरा संगणक मिळतो, त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवणं, सॉफ्टवेअर बसवणं हे काम आपलं. दुसऱ्या प्रकारात आचारी आणि भांडी कार्यालयाची, शिधा आणि बेत तेवढा आपला. ही ‘प्लॅटफॉर्म’ सेवा : आपण फक्त लिहिलेला प्रोग्राम द्यायचा, तो चालवण्याची व्यवस्था कंपनी पाहते. तिसऱ्यात ताटावर हिशेब. आपण पाहुणे घेऊन जायचं. ही ‘सॉफ्टवेअर’ सेवा. जीमेल किंवा झोहोचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस सर्व्हरकडे ढुंकूनही पाहत नाही.

पण कंत्राट कुठलंही असो, वधूपक्षाच्या खोलीची किल्ली आणि आतले दागिने आपणच सांभाळायचे असतात. क्लाउडमध्ये पासवर्ड म्हणजे ती किल्ली आणि आपली माहिती म्हणजे ते दागिने. इमारत, वीज, यंत्रं ही कंपनीची जबाबदारी. कोणाला आत येऊ द्यायचं हे ठरवणं आणि माहितीची दुसरी प्रत ठेवणं ही आपली. ही वाटणी न समजल्याने मोठं नुकसान होऊ शकतं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली.

गेल्या दहा-बारा वर्षांत हा व्यवहार आणखी बदलला आहे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं साहित्य एकत्र बांधून कुठल्याही संगणकावर चालवणं सोपं झालं. २०१४ मध्ये ॲमेझॉनने लॅम्बडा ही सेवा आणली. तिथे प्रोग्राम जेवढा वेळ चालेल तेवढेच पैसे. माहिती देशातच ठेवण्याचा आग्रहही वाढला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रं सुरू केली. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या डिजिटल व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. दुसरीकडे, ज्यांचं काम वर्षभर एकसारखं चालतं अशा काही कंपन्या भाडं जड जातं म्हणून स्वतःच्या सर्व्हरकडे परत वळत आहेत. क्लाउड सगळ्यांना स्वस्त पडतोच असं नाही. काम चढउताराचं असेल तिथे त्याचा खरा फायदा.

म्हणून दुकानाचा हिशेब असो, शाळेच्या नोंदी असोत की घरातले फोटो, क्लाउडवर काही ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : कोणतं काम कंपनीचं आणि कोणतं माझं? उद्या सेवा बदलायची झाली तर माझी माहिती मला परत कशी मिळेल? तिची दुसरी प्रत कुठे आहे? आणि खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावा. ते काम तुमच्या वतीने दुसरं कोणी करणार नाही.