पेन घेतलं, सुया राहिल्या

माझ्याकडे 'सर्व्हायव्हल किट' होतं, हे आधी कबूल करतो. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं, काळ्या पिशवीतलं. त्यात होकायंत्र, घासून ठिणगी पाडायची कांडी, दोरी, शिट्टी, मासे पकडायचा गळ आणि एक घडीचा चाकू होता. ते मी गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा गाडी पार्किंगमध्ये होती आणि पार्किंग पाण्याखाली. नदी कुठल्या दिशेला आहे हे सांगायला होकायंत्र लागणार नव्हतंच. ती दारात येऊन उभी होती.

आम्ही बडोद्याचे. आजोबांच्या वडिलांपासून इथेच. घर समा भागात, तळमजल्यावर. २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पाऊस थांबेचना. पावागढच्या बाजूने येणारं पाणी, आजव्याच्या तलावातून सोडलेलं पाणी आणि शहरातला पाऊस, सगळं एकाच नदीत. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन परतलं होतं. त्यामुळे यंदाही पायरीपर्यंतच येईल, असं मी ठामपणे सांगत होतो. इंजिनिअर माणूस, एका नोंदीवरून अंदाज बांधला.

पाणी आत आलं तेव्हा आम्ही पाचही जण, म्हणजे आई, बाबा, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि मी, पहिल्या मजल्यावरच्या मासींकडे गेलो. (त्या गुजराती, पण आमच्या घरात त्यांना सगळेच मासी म्हणतात.) पळापळीत ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. बायकोने मुलीचे कपडे, आईने देवघरातला बाळकृष्ण आणि कपाटातली फाइल, मी लॅपटॉप. बाबांनी स्वतःचं इन्सुलिनचं पेन घेतलं.

रात्री जेवायच्या आधी त्यांनी पेन काढलं आणि गप्प बसले. पेन होतं, पण पेनाच्या सुया खाली, बेडरूममधल्या ड्रॉवरमध्ये राहिल्या होत्या.

वीज गेलेली, फोनला रेंज नाही, औषधाची दुकानं बंद. बाबा म्हणाले, "एक रात्र काही होत नाही." मी ऐकलं नाही. कोणाला न सांगता जिन्याने खाली उतरलो, कमरेच्या वर पाणी, हातात मोबाइलचा उजेड. ड्रॉवर सापडला, सुयांची डबी वरच्या खणात होती म्हणून कोरडी मिळाली. दहा मिनिटांत परत आलो. बाबांनी डबी घेतली नाही. आधी म्हणाले, "ही कुठली नदी आहे माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि त्या पुरात त्या वस्त्यांमधून पकडून न्याव्या लागल्या. मगर सोडा, उघडं गटार किंवा पाण्यातली वीज पुरेशी झाली असती. चाळीस-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी मी मुलीच्या बापाला पणाला लावलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात पिशवीचा हेतू एका वाक्यात ठरलेला आहे: कोणालाही पाण्यात परत उतरावं लागू नये.

यादी माणसांपासून सुरू करा

इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या जंगलात हरवलेल्या माणसासाठी असतात. आपण हरवत नाही, आपण शेजाऱ्याच्या हॉलमध्ये किंवा शाळेत तीन दिवस अडकतो. म्हणून आम्ही वस्तूंची यादी बाजूला ठेवली आणि पाच माणसांची नावं लिहिली. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: तीन दिवस घरात जाता आलं नाही, तर याचं कशावाचून अडेल?

बाबांसमोर आलं: पेन, सुया, साखर तपासायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, रक्तदाबाच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा आणि साखर उतरली तर ग्लुकोज. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत चालतं. आपलं नेमकं किती, ते डॉक्टरांना विचारून पिशवीवर लिहा. फ्रीज बंद पडला तर कोरड्या डबीत घालून ती डबी ओल्या मातीच्या माठात ठेवता येते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आईसमोर आलं: थायरॉइडची गोळी आणि गुडघ्याचा पट्टा. मुलीसमोर: तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि तिचा कापडी ससा. ससा मी खोडला होता, बायकोने परत लिहिला. मासींकडच्या पहिल्या रात्री मुलगी दोन तास कशासाठी रडत होती, ते मी विसरलो होतो. बायकोने स्वतःसमोर सॅनिटरी पॅड लिहिले, आणि मला कळलं की त्या तीन दिवसांत तिने ते मासींकडून मागून घेतले होते.

पाणी, खाणं, उजेड

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरलं, तर पाच जणांना तीन दिवसांचे ४५ लिटर होतात. हे पिशवीत मावत नाही. आम्ही २० लिटरचे दोन जार आणि पाच बाटल्या मासींच्या गॅलरीत ठेवल्या आहेत. मोबदल्यात आमचा चार्जिंगचा दिवा आणि पॉवर बँक पुरात दोन्ही घरांची. तळमजल्यावर राहत असाल, तर सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे वरच्या मजल्याशी असं आधीच बोलून ठेवलेलं असणं. सोबत क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी ठेवा. गॅस असेल तर पाणी खळखळून उकळल्यावर किमान मिनिटभर उकळू द्या. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

खाण्यात आम्ही दोन्ही भाषा बोलतो: खाखरे, सुखडी, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. चूल न पेटवता, पाणी न लावता खाता येईल तेच. बाबांसाठी भाजलेले चणे.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं, तरी तेवढं सगळं फोनला मिळत नाही. ५,००० च्या बॅटरीचा फोन साधारण दीड वेळा भरतो. म्हणून फोनचा टॉर्च वापरू नका, वेगळी बॅटरी ठेवा. शिवाय टॉवर बंद पडला की यूपीआयही बंद. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांमध्ये दोन हजार रुपये पिशवीत असू द्या. पाचशेची नोट कोणी सुटी करून देत नाही.

आधार, विमा, घराची कागदपत्रं यांच्या झेरॉक्स झिपच्या पिशवीत. डिजिलॉकरला इंटरनेट लागतं, म्हणून त्याच प्रती फोनमध्येही उतरवून ठेवल्या. आणि एका कागदावर पेनने नंबर: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, डॉक्टर, दोन नातेवाईक. बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. तुम्हाला आहे?

एकदा करून बघा

आमच्या धंद्यात म्हणतात, जो बॅकअप कधी परत उघडून पाहिला नाही तो बॅकअप नव्हेच. पिशवीचंही तसंच. पहिल्यांदा आम्ही एका रविवारी घड्याळ लावून सराव केला: मेन स्विच बंद (हात आणि जमीन कोरडी असतानाच, पाणी आल्यावर नाही), गॅसचा रेग्युलेटर बंद, पिशवी घेऊन वर. बावीस मिनिटं लागली, कारण पिशवी माळ्यावर होती आणि शिडी गच्चीत. आता पिशवी दाराजवळच्या खुंटीला असते आणि सात मिनिटांत काम होतं. कोणी काय उचलायचं ते ठरलेलं आहे. मुलीकडे ससा.

वर्षातून दोनदा, वटपौर्णिमेला आणि दिवाळीच्या साफसफाईत, पिशवी रिकामी करून तारखा बघतो. जुना चिवडा त्याच दिवशी संपतो.

तुमच्याकडे नदी वेगळी असेल. हैदराबादच्या वाचकांना ऑक्टोबर २०२० आठवत असेल, बेळगाव-कोल्हापूरकडच्यांना ऑगस्ट २०१९. माझी यादी उतरवून घेऊ नका, तुमच्या घरात ती चुकेल. आज जेवताना प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. घरातली मोठी माणसं "मला काही लागत नाही" म्हणतील. त्यांचं ऐकू नका, त्यांचा औषधांचा डबा उघडून बघा.

आमच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे. 'पेन', आणि त्याखाली दोन रेघा मारून, 'सुया'.