हृदय व रोहिण्यांची श्राव्यातीत परीक्षा : मधुमेह आणि गर्भावस्था

मानवी कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडील, म्हणजे दर सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेल्या ध्वनितरंगांच्या साहाय्याने हृदयाची रचना व हालचाल, तसेच रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांच्या) भित्ती आणि त्यांतील रक्तप्रवाह पाहण्याच्या पद्धतीस श्राव्यातीत परीक्षा म्हणतात. व्यवहारात ती ‘सोनोग्राफी’ आणि हृदयापुरती ‘इको’ या नावांनी ओळखली जाते. मधुमेहामुळे हृदय व रोहिण्यांवर वर्षानुवर्षे सावकाश ताण पडतो. गर्भावस्थेत तो काही महिन्यांतच वाढतो. दोन्ही एकत्र आल्यास माता व गर्भ या दोघांनाही धोका संभवतो. या परीक्षेत क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि ती पुन्हापुन्हा करता येते, म्हणून या अवस्थेत तिला विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् निर्माण होते आणि विद्युत् दिली असता ते कंप पावतात. हा दाबविद्युत् परिणाम प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. शरीरावर टेकवलेल्या शोधकातील असा स्फटिक ध्वनितरंग पाठवितो आणि परत येणारे प्रतिध्वनी टिपतो. मऊ ऊतकांतून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांतून) ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५४० मी. असतो. त्यामुळे प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. प्रौढाचे हृदय पाहण्यास सामान्यतः २ ते ५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. मानेतील रोहिण्या त्वचेलगत असल्याने तेथे अधिक कंप्रता वापरता येते आणि चित्र अधिक सूक्ष्म मिळते.

वाहत्या रक्तातील कोशिकांवरून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते. क्रिस्टिआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार या बदलावरून प्रवाहाची दिशा व वेग कळतो. वेगावरून झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरकही काढता येतो. सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाच्या वर्गाची चौपट केली की तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो, उदा., वेग २ मी. असल्यास फरक सु. १६ मिमी. होय.

इतिहास : स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर व कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये हृदयाच्या हालचालींचा पहिला श्राव्यातीत आलेख घेतला. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये गर्भाशय व गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. नाभिरोहिणीतील (गर्भाकडून वारेकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीतील) प्रवाहाचे मापन डब्लिन येथे १९७७ मध्ये झाले, तर ग्रीवा रोहिणीच्या (मानेतील मुख्य रोहिणीच्या) भित्तीची जाडी मोजण्याची पद्धत १९८६ मध्ये इटलीत पुढे आली.

मधुमेहातील बदल : मधुमेहात हृदयाची आकुंचनशक्ती पुष्कळदा दीर्घकाळ चांगली राहते, आधी बिघडते ते त्याचे शिथिल होणे. डाव्या निलयात (शरीराला रक्त पुरविणाऱ्या कप्प्यात) रक्त दोन टप्प्यांनी भरते : प्रथम निलय सैल पडल्यामुळे व नंतर अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) आकुंचनामुळे. तरुण निरोगी व्यक्तीत पहिला प्रवाह अधिक वेगवान असतो. स्नायू ताठर होऊ लागला की दुसरा वरचढ ठरतो. रुग्णाला धाप लागण्यापूर्वीच हा बदल दिसू शकतो. रोहिण्यांमध्ये भित्तीची जाडी व मेदयुक्त थरांचे उंचवटे पाहतात. एखाद्या ठिकाणची जाडी १.५ मिमी.पेक्षा अधिक असल्यास तेथे रोहिणीविलेपी विकाराचा उंचवटा असल्याचे मानतात.

गर्भावस्थेतील बदल : गर्भावस्थेत रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्के आणि हृदय दर मिनिटाला बाहेर टाकते त्या रक्ताचे प्रमाण ३० ते ५० टक्के वाढते. या काळात धाप लागणे व पाय सुजणे या तक्रारी निरोगी स्त्रीतही आढळतात. त्यामुळे हृदयविकार त्यांच्याआड लपू शकतो. भारतात संधिवाती ज्वरानंतर द्विदल झडप अरुंद झालेल्या कित्येक स्त्रियांचा विकार प्रथम गर्भावस्थेतच उघड होतो. प्रसूतीच्या सुमारास हृदयस्नायू एकाएकी दुर्बल होण्याचा विकारही याच परीक्षेने निश्चित होतो.

वार रुजताना गर्भाशयातील नागमोडी सूक्ष्म रोहिण्या रुंद होतात व प्रवाहाचा अडथळा कमी होतो. असे न झाल्यास पुढे अतिरक्तदाब, लघवीतून प्रथिन जाणे व झटके येणे असे उपद्रव संभवतात. मधुमेही स्त्रियांत त्यांचे प्रमाण अधिक असते. गर्भावस्थेच्या ११ ते १४ आठवड्यांत गर्भाशय रोहिणीतील प्रवाह, मातेचा रक्तदाब व रक्तातील काही द्रव्ये यांवरून धोका अजमावतात. धोका अधिक असलेल्या स्त्रियांना या काळापासून वैद्याच्या सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरीन दिल्यास ३७ आठवड्यांपूर्वी उद्‌भवणारा विकार निम्म्याहून कमी होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले.

गर्भाची परीक्षा : गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडते. मातेला आधीपासून मधुमेह असून त्या काळात साखर अनियंत्रित असल्यास हृदयातील जन्मजात दोषांचा संभव कित्येक पटींनी वाढतो. यासाठी १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची सविस्तर परीक्षा करतात. पुढील महिन्यांत दोन निलयांमधील पडदा जाड झालेला आढळू शकतो. जन्मानंतर तो सामान्यतः काही महिन्यांत पूर्ववत होतो. नाभिरोहिणीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधील प्रवाह थांबणे किंवा उलटा वाहणे हे वार निकामी होत असल्याचे गंभीर लक्षण होय.

मर्यादा : सदोष कोनातून घेतलेले वेगाचे माप चुकते, म्हणून परीक्षकाचे कौशल्य महत्त्वाचे ठरते. ग्रीवा रोहिणीच्या जाडीचे मापन संशोधनात उपयुक्त असले, तरी प्रत्येक रुग्णात ते नेहमी करावे अशी शिफारस आता केली जात नाही. मधुमेही मातेचा गर्भ आकाराने मोठा असताना नाभिरोहिणीतील प्रवाह स्वाभाविक दिसूनही गर्भास धोका असू शकतो. चांगला अहवाल हा साखरेच्या नियंत्रणाला पर्याय नव्हे.

महाराष्ट्रातील स्थिती : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुलांचा अभ्यास केला. वजनाने कमी असलेल्या नवजात अर्भकांतही मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यातून दिसून आले. सडपातळ स्त्रीला मधुमेह होणार नाही, ही समजूत म्हणूनच धोक्याची ठरते. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व गर्भवतींना ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १०० मिलि.मध्ये १४० मिग्रॅ. किंवा अधिक असल्यास गर्भकालीन मधुमेह समजतात.

ही चाचणी गावपातळीवर होऊ शकते. श्राव्यातीत परीक्षेसाठी मात्र रुग्णालय गाठावे लागते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात हा फरक ठळकपणे जाणवतो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या तालुक्यांतील गावांतून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्यांनी रुग्ण पुढे जातो. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधीपासून शेजारच्या नांदेड येथे असे महाविद्यालय आहे. परीक्षेच्या वेळा ठराविक आठवड्यांशी बांधलेल्या असतात. ऊसतोडणीसाठी हिवाळ्यात कुटुंबासह बाहेर पडणाऱ्या किंवा बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या स्त्रीची नेमकी तीच वेळ टळू शकते. अशा वेळी पूर्वीचे अहवाल तिच्याजवळच असणे आवश्यक ठरते.

यंत्र गावोगावी नेणे हा उपाय सहज शक्य नाही. गर्भलिंग निदानासाठी होणाऱ्या गैरवापराविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार यंत्राची व केंद्राची नोंदणी सक्तीची असून यंत्र अन्यत्र नेण्यावर निर्बंध आहेत.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्वपदावर येते आणि तपासणी थांबते. परंतु गर्भकालीन मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या सु. दहापट व हृदय-रोहिण्यांच्या विकारांचा संभव सु. दुप्पट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी रक्तातील साखर पुन्हा तपासतात. पुढेही साखर व रक्तदाब नियमितपणे पाहणे आणि लक्षणे आढळल्यास हृदयाची श्राव्यातीत परीक्षा करणे आवश्यक असते.