चाकांवरचं घर घेऊन घाटात

मे महिना आला की परळ डेपोतून गावची एसटी पकडायची, ही भोईवाड्याची जुनी रीत. पण त्याच सुट्टीत चार दिवस डोंगरातली गावं फिरायची असतील, तर कॅरॅव्हॅनचा विचार जरूर करा. झोपायला बर्थ, चहापुरता ओटा आणि सोबत शौचालय! महाराष्ट्राने २०२१मध्ये तिच्यासाठी वेगळं पर्यटन धोरणच आणलं.

गाडी भोईवाड्याच्या गल्लीत आणायचा हट्ट नको, सामान मोठ्या रस्त्यावर चढवा. पहिली मौज शेजारच्या शिवडीतच आहे. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला अटल सेतू इथून निघतो आणि जवळपास २२ किलोमीटरवर चिर्ल्याला उतरवतो. तिथून बोरघाट गाठायचा. या घाटात गाडीरस्ता झाला १८३०मध्ये, रेल्वे चढली १८६३मध्ये आणि द्रुतगती मार्ग आला २००२मध्ये. पण घाटातलं देऊळ आहे ते शिंगरोबाचं! साहेबाला वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. जुन्या रस्त्याने गेलात तर तिथे हात जोडल्याशिवाय ड्रायव्हर पुढे निघत नाही.

पहिला मुक्काम वाईला करा, महाबळेश्वर पळत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात मांडला. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. तिथल्या देवळापाशी टांगलेली भलीमोठी घंटा मूळची चर्चची, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. ‘स्वदेस’ पाहिलेल्यांना हा घाट लगेच ओळखू येईल.

मग पसरणी घाट. चढताना जो गिअर, तोच उतरताना. न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही, हे ठरवूनच निघा. वर पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे भिलार आहे, २०१७पासून पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही बसावं आणि वाचावं. मुलांना घोड्यावर बसवण्याआधी इथे बसवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पावसाची गंमत तर ऐकाच. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अवघ्या वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. पश्चिमेकडून आलेले ढग कड्यावरच रिते होतात. हा सगळा टापू २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. म्हणून कॅरॅव्हॅनची सांडपाण्याची टाकी वाटेत कुठेही उघडायची नाही.

माथेरानला मात्र हे घर दस्तुरी नाक्यावरच ठेवावं लागतं, पुढे मोटारींना बंदी. तिथून पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. नेरळहून वर येणारी ही दोन फुटी रुळांची रेल्वे आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७मध्ये पुरी केली.

सुट्टी मेच्या अखेरीस असेल, तर माझं मत सरळ भंडारदऱ्याला. कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि समोर १,६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. १९२६मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे दिवसा पाहायचं. रात्र काजव्यांची! पावसाच्या तोंडावर घाटघर, साम्रदच्या बाजूला हिरडा, सादड्याची झाडं लखलखू लागतात. ही उघडझाप म्हणजे नराने मादीला घातलेली साद. गाडीचा प्रखर झोत पडला की ती सादच हरवते, जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात.

वाई-महाबळेश्वर आणि भंडारदरा एकाच खेपेत कोंबू नका, एकच बाजू निवडा आणि निवांत फिरा. आणि भंडारदऱ्याला जाणार असाल, तर एवढं कराच : गाडी गावातच उभी करा, मोबाईलचा टॉर्च बंद ठेवा, झाडाखाली जाऊ नका, फांदी हलवू नका.