नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी ड्राइव्हचे हिस्से नीट पाडा

मालवण : गणपतीला मुंबईहून भाचा येतो, नवा लॅपटॉप बघतो आणि म्हणतो, "मामा, यात लिनक्स पण टाकून देतो." टाकतोही. पण घाईत एक बटण चुकलं की विंडोज जातं. सोबत होमस्टेच्या बुकिंगचा हिशेब, सातबाराचे स्कॅन, मुलांचे दाखलेही जातात. म्हणून ही तयारी आधी करा.

नव्या लॅपटॉपची जवळपास सगळी जागा विंडोजच्या नावावर असते. लिनक्सला जागा देणं म्हणजे एकाच जमिनीचे दोन हिस्से पाडणं. मोजणीआधी बांध घातला तर भांडण ठरलेलंच!

१. बॅकअप घ्या. महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. त्या उघडतात का, तेही तपासा.

२. कुलूप बघा. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ड्राइव्हला आपोआप कुलूप लागतं. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहून ठेवा. फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा. वेळ लागतो.

३. फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्सने त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइल बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'पॉवर बटण काय करेल' तिथली टिक काढा.

४. जागा मोकळी करा. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो : ५० जीबी हवे असतील तर ५१२००. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, पण ५० ठेवलेले बरे.

ड्राइव्ह अर्धी रिकामी असूनही विंडोज कमी जागा सोडतं, असंही होतं. मधे काही न हलणाऱ्या सिस्टीम फाइल बसलेल्या असतात. हायबरनेशन बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशी काळ्या पट्टीत दिसेल. तिला तसंच राहू द्या, नवी ड्राइव्ह बनवू नका. शेजारचे ईएफआय आणि रिकव्हरी हे छोटे हिस्से तर अजिबात पुसू नका. विंडोज सुरू होणं आणि बिघडल्यास दुरुस्त होणं त्यांच्यावरच अवलंबून असतं.

५. लाइटचा भरवसा धरू नका. पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका.

लिनक्स टाकताना 'इरेज डिस्क' हा पर्याय दिसेल. त्याचा अर्थ सगळं पुसा. तो निवडू नका. 'विंडोजच्या सोबत' किंवा मोकळ्या जागेत टाकण्याचा पर्याय घ्या.

पुढे लिनक्स शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत. भाचा मुंबईला परत गेल्यावर तेच उपयोगी पडतील.