पान कुणीकडून उलटायचं?

भिवंडीत यंत्रमागांवर पोट भरायला देशभरातून माणसं आली आणि त्यांच्याबरोबर भाषाही आल्या. गल्लीत एकत्र खेळणारी मुलं शाळेची घंटा झाली की मराठी, उर्दू अशा माध्यमांत पांगतात. या सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवून वाचता येईल असं पुस्तक शोधायचं, तर ते चित्रपुस्तकच. चित्राला लिपी नसते, असं आपण सहज म्हणून जातो. दिशा मात्र असते.

आधी चित्र आणि मजकूर यांच्यातली कामाची वाटणी बघू. अंकलिपीत 'आंबा' या शब्दाशेजारी आंबाच असतो; दोघं एकच गोष्ट सांगतात. चित्रपुस्तकात तसं झालं, तर दोघांपैकी एक फुकट गेलं. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या 'रोझीज वॉक'मध्ये जेमतेम ३२ शब्द आहेत. कोंबडी फेरफटका मारते आणि जेवायच्या वेळेला घरी परतते, एवढाच मजकूर. तिच्या मागावरचा कोल्हा एकाही ओळीत नाही, तो फक्त चित्रात आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्याचा दांडा त्याच्याच थोबाडावर बसतो. पुढे तळ्यात पडतो. वाचून दाखवणारा मोठा माणूस अक्षरांवर बोट फिरवत असतो, तेवढ्यात मूल ओरडतं, ''कोल्हा बघ, कोल्हा!'' अक्षरओळख नसलेलं मूल इथे मोठ्यांच्या चार पावलं पुढे असतं.

मराठीत ही वाटणी नेमकी जमली ती माधुरी पुरंदरे यांना. त्यांनी चित्रकलेचं शिक्षण घेतलं, त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. खोलीतला पसारा चित्रात दिसत असेल तर त्यावर वाक्य खर्च करायचं नाही, हा निर्णय मग एकाच टेबलावर होतो. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या त्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये तर बोलायचं काम मुलांवरच सोपवलं आहे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आता दिशेचा मुद्दा. मराठी पुस्तकातलं पात्र सहसा डावीकडून उजवीकडे चालतं, कारण पुढचं पान तिकडे असतं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. तीच चित्रं तशीच छापली, तर शाळेत निघालेली मुलगी गोष्टीत मागे चालू लागते. मग चित्रं आरशासारखी फिरवावीत का? फिरवली की मूल डाव्या हाताने जेवतं, आईचा पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाची बटणपट्टी बदलते आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात. मोठ्यांच्या नजरेतून हे सुटेल, पण मुलं ते हमखास पकडतात.

म्हणून प्रकाशकांनी चित्रपुस्तक उर्दूत नेताना केवळ अनुवादकावर भागवू नये, चित्रकारालाही पुन्हा बसवावं. शिक्षकांना आणि पालकांना सांगणं एवढंच : पान उलटायची घाई करू नका. ओळ वाचून झाली की थांबा आणि मुलांना विचारा, ''यात लिहिलेलं नाही असं काय काय दिसतंय?'' उत्तर मराठीत येवो की उर्दूत, ते ऐकून घ्या आणि मगच पान उलटा.