व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आणि अकोला

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या, आज संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अकोला जिल्हा येत असल्याने, येथील पदवीधराला एमबीएसाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. राज्याच्या सीईटीतून, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेतून, प्रवेश मिळणाऱ्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा वऱ्हाडासाठी सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, अर्थात मर्यादित साधनांतून सर्वांत लाभदायक निर्णय गणिताने शोधण्याचे शास्त्र होय. कोणत्या गावचा कापूस कोणत्या जिनिंगला पाठवल्यास एकूण वाहतूकखर्च किमान राहील, हा प्रश्न त्यातील ‘वाहतूक समस्या’ या पद्धतीने, पुरवठा, मागणी आणि प्रत्येक मार्गाचा दर मांडून सोडवता येतो. विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी अकोल्यातील जिनिंग आणि डाळमिल आवर्जून निवडाव्यात.