खोडलेल्या वाक्याचा न्यायमूर्ती

लखनौला गेलो की कबाब आणि चिकनकारीच्या कुडत्यांआधी मी हजरतगंजातल्या जीपीओपाशी जाऊन उभा राहतो. सोबतची मंडळी आता वैतागत नाहीत. 'झाले का तुमचे मुल्ला?' एवढंच विचारतात. इंग्रजी अमदानीत इथे रिंग थिएटर होतं आणि त्याच वास्तूत काकोरीचा खटला चालला. ९ ऑगस्ट १९२५ रोजी आगगाडीतला सरकारी खजिना लुटणाऱ्या क्रांतिकारकांविरुद्ध सरकारतर्फे उभे होते पंडित जगतनारायण मुल्ला. त्यांचे चिरंजीव आनंदनारायण हे माझं जुनं वेड.

नावावरून फसू नये. आपल्याकडच्या वकिलांना मुल्ला म्हटलं की दिनशा मुल्लांची जाडजूड कायद्याची पुस्तकं आठवतात, पण हे लखनौत मुरलेलं काश्मिरी पंडितांचं घराणं. आनंदनारायण १९०१चे. कॅनिंग कॉलेजात शिक्षण, मग वकिली, १९५४ ते १९६१ अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायाधीश, १९६७ साली लखनौतून अपक्ष खासदार, पुढे राज्यसभा, १९९७ साली निधन. झालं चरित्र!

थोडं वडिलांविषयी सांगायलाच हवं. जालियनवालाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत जगतनारायण होते. चिमणलाल सेटलवाड आणि सुलतान अहमद खान यांच्यासह त्यांनी इंग्रज सदस्यांपासून फारकत घेऊन वेगळा अहवाल दिला. तोच माणूस काकोरीत सरकारचा वकील! त्या खटल्यातून चौघे फासावर गेले. शिक्षा झालेल्यांत आपल्या बुलढाण्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्रीही होते. दहा वर्षांची सजा भोगल्यावर पुढे ते लखनौचेच झाले. एकाच शहरात खत्री आणि सरकारी वकिलाचा मुलगा, दोघेही म्हातारे झाले. या योगायोगापाशी मी दर वेळी अडखळतो.

आता ते खोडलेलं वाक्य. १९६१ साली मुल्लांसमोर एका फौजदाराचं प्रकरण आलं. आरोप पुरावा रचल्याचा. असे ताशेरे न्यायाधीश एरवीही ओढतात, पण मुल्ला त्या फौजदारापाशी थांबले नाहीत. भारतीय पोलीस दल नावाच्या संघटित टोळीइतका गुन्ह्यांचा इतिहास देशातल्या दुसऱ्या कुठल्याही टोळीचा नाही, अशा अर्थाचं त्यांनी निकालपत्रातच लिहिलं. सरकार हादरलं. मजकूर वगळा, असा अर्ज आला. मुल्लांनी तो फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च १९६३मध्ये ताशेरे काढून टाकले गेले. एका खटल्याच्या पुराव्यावरून साऱ्या दलाला दोषी ठरवता येत नाही, आणि न्यायाधीशाच्या लेखणीला संयम हवा, असं न्यायालयाचं म्हणणं.

कायद्याच्या तराजूत सर्वोच्च न्यायालयाचंच पारडं जड, हे मी मुकाट कबूल करतो. साऱ्या दलाविरुद्धचा पुरावा त्या फायलीत नव्हताच. पण ते वाक्य न्यायाधीशाचं नव्हतंच मुळी, शायराचं होतं. मुल्ला उर्दूतले मातब्बर कवी. १९६४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकवेळ धर्म सोडेन, पण उर्दू सोडणार नाही, असं म्हणणारा हा पंडित! गझलेचा शेर दोन ओळींत अख्खं आयुष्य पकडतो, पुरावे जोडत बसत नाही. तीच सवय न्यायासनावर आली, असं मला वाटतं. वाक्य मुशायऱ्यात पडतं तर 'वाह वा' झाली असती.

मात्र हा माणूस वाक्य टाकून मोकळा झाला नाही. १९८० साली केंद्राने तुरुंग सुधारणांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुल्ला. वय ऐंशीच्या घरात. १९८३च्या अहवालात कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवण्याचा, खुल्या तुरुंगांचा आग्रह आहे. हे वाचताना मला आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवतं. औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांसाठी उभारलेली ती खुली वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. बापाने ज्या गजांआड माणसं धाडली, त्याच गजांआडच्या अन्नपाण्याची, उजेडाची चौकशी म्हातारपणी मुलाने केली. मला ही फेड वाटते. पुरावा माझ्याकडेही नाही!

आणि एक गंमत. सर्वोच्च न्यायालयाला ते वाक्य काढून टाकण्यासाठी आपल्या निकालात आधी उतरवून घ्यावं लागलं. ताशेरे कधी ओढावेत, कधी नाही, हे शिकायला वकील आजही तो निकाल उघडतात आणि खोडलेलं वाक्य अक्षरन् अक्षर वाचतात.